पिवळा दिवा लुकलुकला, तर गाडी दामटू नका!

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



एरवी मी आपल्याशी बोलतो ते बी-बियाणे, खते आणि कीड-रोग यांविषयी. आजचा विषय जरा वेगळा आहे. पण तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा नाही, असे मात्र समजू नका. माल पिकवणे हे निम्मे काम. तो ताजा असताना बाजारात पोचवणे हे उरलेले निम्मे. कोथिंबिरीची जुडी पहाटेच्या लिलावाला पोचली तर तिचे पैसे, उन्हे वर आल्यावर पोचली तर तिचा कचरा.

गावोगाव आता पेट्रोलवर आणि सीएनजीवर चालणारे छोटे टेम्पो, पिकअप आणि मोटारी आल्या आहेत. या गाड्यांच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा असतो. तो का लागतो, तो लुकलुकला तर काय करावे आणि कमी खर्चात दोष कसा शोधावा, या तीन गोष्टी आज सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. आपल्या डिझेल ट्रॅक्टरला स्पार्क प्लग नसतो, म्हणून आजची माहिती त्याला लागू नाही. ही माहिती पेट्रोलच्या आणि सीएनजीच्या गाड्यांची आहे.

आधी माझीच चूक सांगतो

२०२१ सालच्या आषाढातली गोष्ट. माझी चार सिलिंडरची, जुनी घेतलेली पेट्रोल गाडी घेऊन मी एका गावी शेतीशाळेला निघालो होतो. पाऊस चालू होता. घाटाच्या पायथ्याशी गाडीने दोन-तीन झटके दिले, आणि तो पिवळा दिवा लुकलुक करू लागला. मनात म्हटले, गाडी चालते आहे ना, मग पुढे पाहू. शेतकरी वाट पाहत असतील. तसाच घाट चढलो, पुढे पस्तीस किलोमीटर गेलो. मागून कच्च्या पेट्रोलचा वास येत होता, तिकडेही लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी बोनेट उघडले आणि "सेन्सर गेला" असे सांगून सेन्सर बदलला. चार दिवसांनी दिवा पुन्हा लागला. मग पेट्रोलची टाकी साफ केली. दिवा पुन्हा लागला. शेवटी ओळखीच्या एका मिस्त्रीने यंत्र लावून पाहिले. दोष तीन नंबरच्या सिलिंडरमध्ये होता. तिथल्या कॉइलच्या रबरी नळीला केसाएवढी चीर गेली होती. दोष एवढाच! पण तोवर न जळलेल्या पेट्रोलने सायलेन्सरच्या वाटेवरचा कन्व्हर्टर आतून वितळवला होता. धूर जायला वाट उरली नाही, म्हणून गाडी चढ घेईना. त्या महिन्याच्या पगाराचा मोठा घास त्यात गेला.

आता यात माझी चूक कोणती ते पाहा. मी तुम्हाला नेहमी काय सांगतो? पान पिवळे पडले की लगेच युरियाचे पोते फोडू नका. रोप उपटून मुळी पाहा. पाणी साचले आहे का, हुमणी लागली आहे का, की खरोखरच नत्र कमी आहे, हे आधी ठरवा. तुम्हाला हे सांगणारा मी, माझ्या गाडीच्या पिवळ्या दिव्यासाठी मात्र मुळी न पाहताच युरिया टाकत बसलो होतो.

मिसिंग म्हणजे काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण येते, ते दाबले जाते, आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडून पेटते. आपल्या गाड्यांची इंजिने चार स्ट्रोकची असतात, म्हणजे इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १,५०० वेळा ठिणगी पडावी लागते. चार सिलिंडर मिळून ६,००० वेळा.

यातली काही पेटणी चुकली की तिला आपण 'गाडी मिसिंग मारते' असे म्हणतो. चार बैलांच्या नांगराला एका बैलाने मधूनमधून जू टाकले, तर नांगर जसा हिसके देत चालेल, तशी गाडी चालते. उभी असताना थरथरते, चढाला ओढ देत नाही, पेट्रोल जास्त पिते.

हे गाडीला कळते कसे? इंजिनाच्या मुख्य दांड्याजवळ एक सेन्सर असतो. तो दांड्याच्या फिरण्याचा वेग सतत मोजत असतो. एखादा सिलिंडर पेटला नाही की त्या क्षणापुरता वेग किंचित कमी होतो. गाडीतला छोटा संगणक कोणत्या सिलिंडरच्या पाळीला वेग कमी झाला हे टिपून ठेवतो आणि दिवा लावतो.

दिवा स्थिर की लुकलुकता?

आजच्या भाषणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे.

दिवा लागून *स्थिर* राहिला, तर इंजिनाच्या व्यवस्थेत काही तरी दोष आहे. गाडीत झटके नसतील, इतर कोणता दिवा नसेल, तर सावकाश चालवत घरी किंवा गॅरेजला नेता येते. पण दोन-चार दिवसांत तपासणी करावी.

दिवा *लुकलुकू* लागला, तर इंजिन जोरात मिसिंग करत आहे आणि या घडीला नुकसान चालू आहे. न जळलेले पेट्रोल पुढे कन्व्हर्टरमध्ये जाते. पूर्ण नाव कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा महागड्या धातूंचा पातळ थर. विषारी धूर निरुपद्रवी करणे हे त्याचे काम. कच्चे पेट्रोल तिथे जाऊन जळू लागले की उष्णता बेसुमार वाढते आणि जाळी वितळते. साधा प्लग शे-दोनशे रुपयांत येतो. कॉइलला हजार-दोन हजार किंवा थोडे अधिक लागतात. कन्व्हर्टरची किंमत मात्र कित्येक हजारांत जाते.

याशिवाय आग लागण्याचा धोका आहे, तो वेगळाच. तापलेला कन्व्हर्टर गाडीच्या पोटाखाली असतो. मिसिंग करणारी गाडी वाळलेल्या गवतावर, पाचटावर, खळ्यातल्या भुसकटावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ कधीही उभी करू नका. मोकळ्या, भुंड्या जमिनीवर उभी करा.

तेलाच्या चिमणीचा किंवा तापमानाचा *लाल* दिवा लागला तर त्याला हा नियम लागू नाही. लाल दिव्याला गाडी बाजूला घेऊन ताबडतोब इंजिन बंद करायचे.

वाटेत दिवा लुकलुकला तर

पहिले काम, ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग कमी करा. पुष्कळदा जोर कमी होताच लुकलुकणे थांबून दिवा स्थिर होतो. तसे झाले तर हलक्या पायाने जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जा. लुकलुकणे थांबलेच नाही, तर गाडी बाजूला घेऊन बंद करा. माल दुसऱ्या गाडीत भरण्याची सोय करा. भाडे जाईल खरे, पण कन्व्हर्टर वाचेल. भरलेल्या गाडीने घाट चढण्याचा हट्ट करू नका, तो मी केलेला आहे.

सीएनजीची गाडी असेल तर एक सोपी परीक्षा आहे. बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्या. सीएनजी पेटवायला प्लगला जास्त जोराची ठिणगी लागते. म्हणून थकलेला प्लग किंवा अशक्त कॉइल आधी सीएनजीवर उघडी पडते. पेट्रोलवर गाडी सुरळीत चालली, तर प्लग, कॉइल किंवा सीएनजीचा फिल्टर यांवर संशय घ्यावा. दोन्हींवर सारखेच झटके असतील, तर दोष दोन्हींना सामाईक असलेल्या जागी आहे.

घरी आल्यावर: आधी नंबर वाचा

डॅशबोर्डच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात स्कॅनर लावला की संगणकाने टिपलेला दोषाचा नंबर वाचता येतो. मोबाईलवर चालणारा साधा स्कॅनर हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. एकट्याने घेण्याऐवजी शेतकरी गटाने मिळून एक घेतला तर साऱ्या गावाचे काम होते.

नंबर असे वाचावेत:

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पी ०३०२ म्हणजे दुसऱ्या, पी ०३०३ तिसऱ्या, पी ०३०४ चौथ्या.

पी ०३०० म्हणजे मिसिंग एका ठिकाणी नाही, सिलिंडर बदलत आहे. असा नंबर आला तर एकेका प्लगच्या मागे लागू नका. पेट्रोलात पाणी, चोंदलेला फिल्टर, कुठून तरी फुकट शिरणारी हवा, असे सर्वांना लागू होणारे कारण शोधा.

नंबर कागदावर लिहून ठेवा, आणि त्यानंतरच पुसा. काही जण बॅटरीची तार काढून दिवा घालवतात. त्याने दोष जात नाही, फक्त संगणकाची आठवण जाते, आणि मिस्त्रीला पुन्हा पहिल्यापासून शोधावे लागते.

अदलाबदलीची परीक्षा

आता मुळी उपटून पाहण्याचा भाग. आमच्याच भागातल्या एका शेतकऱ्याच्या पिकअपचे उदाहरण घेऊ. गाडीत कोथिंबीर भरून मध्यरात्री माळशेज घाटाने कल्याणच्या बाजाराला जाण्याचा त्यांचा रोजचा क्रम. एके दुपारी रिकाम्या गाडीचा दिवा लुकलुकला. गाडी तिथेच थांबवून त्यांनी मला फोन केला. नंबर आला पी ०३०२. दुकानदार म्हणत होता, चारही कॉइल आणि चारही प्लग बदला. आम्ही आधी पुढीलप्रमाणे केले.

१) इंजिन बंद केले, किल्ली काढली, आणि इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. हे सोडू नका. कॉइलमध्ये वीस-तीस हजार व्होल्ट तयार होतात. चालू इंजिनावर प्लगची कॅप उपटून 'कोणता सिलिंडर मेला' ते पाहण्याची जुनी रीत या गाड्यांना चालत नाही. माणसाला झटका बसतो, कॉइल जळते, आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाते ते निराळेच.

२) सिलिंडरचे नंबर ठरवले. सरळ रांगेतल्या इंजिनात साधारणपणे पट्ट्याच्या बाजूने पहिला नंबर धरतात. तरी गाडीच्या पुस्तकात पाहून खात्री करा.

३) दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर बसवली, तीनची दोनवर. बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी एकच बदल, नाहीतर गुण कशाचा ते कळत नाही.

४) जुना नंबर पुसून इंजिन चालू केले आणि थोडा वेळ जागेवरच चालू ठेवले. थरथर सुरू झाली, दिवा लागला. आता नंबर आला पी ०३०३.

म्हणजे आजार कॉइलबरोबर चालत गेला. दोष कॉइलचा, हे सिद्ध झाले. एकच कॉइल आणली, संध्याकाळी बसवली. मध्यरात्री गाडी कोथिंबीर घेऊन घाटाला लागली.

नंबर हलला नसता, पी ०३०२ च राहिला असता, तर मग प्लगची तशीच अदलाबदल करायची. प्लगबरोबर नंबर गेला तर प्लग बदलायचा. प्लग बदलूनही नंबर तिथेच राहिला, तर पेट्रोल सोडणारा इंजेक्टर, वायरिंग किंवा सिलिंडरचा दाब यांत दोष आहे. तिथे मात्र आपण थांबावे आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवावे. इतकी तपासणी झालेली त्याला सांगितली, की त्याचे निम्मे काम झालेले असते.

काही गाड्यांत दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल असते. चार सिलिंडरच्या इंजिनात बहुधा १ व ४ ची आणि २ व ३ ची जोडी असते. दोन्ही जोडीदारांचे नंबर एकदम आले, तर त्यांच्या सामाईक कॉइलवर संशय घ्यावा.

प्लगचा रंग काय सांगतो?

प्लग काढण्याआधी त्याच्या खड्ड्यातली धूळ फुंकून काढा, नाहीतर माती थेट सिलिंडरमध्ये पडते. काढलेला प्लग उजेडात धरा.

फिकट तपकिरी किंवा राखाडी: प्लग निरोगी आहे.

कोरडी काळी काजळी: पेट्रोल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर पाहा. कच्च्या रस्त्याने आणि मळणीच्या दिवसांत तो लवकर चोंदतो.

पेट्रोलने ओला: ठिणगी पडत नाही.

तेलकट: वरच्या झाकणाचे पॅकिंग किंवा आतल्या रिंगा तेल सोडत आहेत. नुसता प्लग बदलून भागणार नाही.

पांढराफटक, फोड आलेला: इंजिन जास्त तापले आहे.

नवा प्लग गाडीच्या पुस्तकात दिलेल्या नंबरचाच घ्या. त्याच्या टोकाची फट पुस्तकात दिलेल्या मापाइतकीच हवी. सीएनजीच्या गाडीला कंपनीने वेगळा प्लग किंवा वेगळी फट दिली असेल तर तीच ठेवा. बसवताना पहिले आटे हातानेच फिरवा. पाना लावून वाकडा घुसवला तर ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात, आणि दोनशेचे काम काही हजारांवर जाते. शेवटचा ताण पुस्तकात दिला असेल तेवढाच द्या.

आपल्याकडची तीन खास कारणे

*पाणी.* बैलपोळ्याला बैल धुतो तशी गाडीही धुतो, त्यात वावगे काही नाही. पण स्प्रे पंपाचा झोत इंजिनावर मारू नका. पाणी प्लगच्या खड्ड्यात साचते आणि ठिणगी भलतीकडे उडते. गाडी धुतल्यावर किंवा मोठ्या पावसानंतर मिसिंग सुरू झाले, तर कॉइल काढून खड्डा कोरड्या फडक्याने टिपा आणि वाळू द्या. एवढ्यानेही पुष्कळ वेळा काम भागते. कॉइलच्या रबरी नळीवर बारीक रेघ किंवा चीर दिसली तर मात्र ती नळी बदलावी लागते.

*उंदीर.* गाडी धान्याच्या किंवा चाऱ्याच्या खोलीजवळ उभी असेल, तर बोनेटखाली उंदीर हमखास घर करतात आणि वायरी कुरतडतात. गाडी चार-आठ दिवस उभी राहिल्यावर अचानक दिवा लागला, तर काहीही विकत घेण्याआधी टॉर्च घेऊन वायरी आणि कपलर पाहा. लेंड्या दिसल्या की समजून जा.

*साठवलेले पेट्रोल.* हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. आपल्या उसापासूनही ते तयार होते, याचा आपल्याला आनंदच आहे. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. पाण्याचा अंश वाढला की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतात, आणि इंजिनाला आधी तेच मिळते. म्हणून फवारणी पंपासाठी उघड्या कॅनमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेले पेट्रोल गाडीत ओतू नका.

दुरुस्तीनंतर

दोष दूर झाला की दिवा लगेच जाईलच असे नाही. संगणक पुढच्या काही फेऱ्यांत खात्री करून घेतो आणि मग दिवा आपोआप विझतो. स्कॅनरने नंबर पुसला तर लगेच विझतो. पण पुसल्यावर तोच नंबर पुन्हा आला, तर दोष अजून तिथेच आहे असे समजा. आणि चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, हा दिवा लागलाच पाहिजे. जुनी गाडी विकत घेताना हे जरूर पाहा. तो लागतच नसेल, तर कोणीतरी तो मुद्दाम बंद करून ठेवलेला असू शकतो.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. दिवा स्थिर: सावकाश चालवा, लवकर तपासा. दिवा लुकलुकता: पाय उचला, आणि न थांबल्यास गाडी थांबवा.

२. तापलेली गाडी गवत, पाचट, कडबा यांवर उभी करू नका.

३. आधी नंबर वाचा आणि लिहून ठेवा. बॅटरीची तार काढू नका.

४. इंजिन थंड व बंद असतानाच हात घाला. एका वेळी एकच अदलाबदल करा.

५. दोष सिद्ध झाल्याशिवाय नवीन वस्तू विकत घेऊ नका.

बंधू-भगिनींनो, पिकाचे पान असो की गाडीचा दिवा, पिवळा रंग आपल्याला काहीतरी सांगत असतो. त्याचे ऐकावे, पण घाबरून खिशात हात घालू नये. आधी कारण, मग औषध. या हंगामात आपला माल वेळेवर बाजारात पोचो आणि त्याला चांगला भाव मिळो, अशी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतो. राम राम.